‘आता दमायचं नाही’ हा सल्ला आला कुठून? पाळी गेल्यानंतरच्या व्यायामाचा दीडशे वर्षांचा इतिहास

पन्नाशीच्या आसपास पाळी बंद झाली की बाईला सल्ले मिळू लागतात. आता जिने चढू नकोस. भरभर चालू नकोस, दम लागेल. गुडघे सांभाळ. खूप केलंस आयुष्यभर, आता आराम कर. सांगणारी माणसं मायेचीच असतात: नवरा, मुलं, सासूबाई, शेजारीण. कधी कधी डॉक्टरही. ऐकणारीलाही ते पटतं, कारण रात्री घामाने झोपमोड झालेली असते, कंबर धरलेली असते आणि थोडं चाललं तरी धाप लागते.

त्या मायेबद्दल मला शंका नाही, पण सल्ल्याबद्दल आहे. ‘दमणं बाईला बाधतं’ ही कल्पना शरीराच्या अभ्यासातून आलेली नाही. तिला एक इतिहास आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. ती कुठून आली हे कळलं, की ती सोडून देणं सोपं जातं. म्हणून आज व्यायामाचं वेळापत्रक शेवटी ठेवतो आणि आधी ही गोष्ट सांगतो.

शक्तीची थैली आणि सक्तीची विश्रांती

पाळी जाणं ही गोष्ट बाईच्या जन्माइतकी जुनी आहे, पण वैद्यकात तिला नाव मिळून जेमतेम दोनशे वर्षं झाली. गार्दान या फ्रेंच डॉक्टरांनी १८१६ मध्ये त्यासाठी शब्द तयार केला आणि १८२१ मध्ये तो आटोपशीर करून ‘मेनोपॉज’ केला. १८५७ मध्ये लंडनच्या एडवर्ड टिल्ट यांनी या विषयावर इंग्रजीत पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. नाव मिळालं ही चांगली गोष्ट झाली. पण त्याबरोबर आयुष्याचा हा टप्पा एखाद्या दुखण्यासारखा, संकटासारखा पाहायची सवयही लागली.

त्या काळात एक समजूत फार जोरात होती. शरीरातली शक्ती म्हणजे ठरावीक पैशांची थैली. एका कामावर खर्च केली की दुसऱ्याला कमी पडणार. १८७३ मध्ये हार्वर्डशी संबंधित असलेल्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी याच समजुतीवर पुस्तक लिहिलं. मुलींनी वाढीच्या वयात मुलांसारखा कसून अभ्यास केला तर शक्ती मेंदूकडे जाईल आणि गर्भाशय, बीजकोश यांची वाढ नीट होणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुरावा म्हणून त्यांनी आपल्या मोजक्या रुग्णांच्या हकिकती दिल्या. पुस्तक प्रचंड खपलं.

त्याच सुमारास फिलाडेल्फियात डॉ. सायलस वेअर मिचेल ‘विश्रांती उपचार’ करत होते. थकलेल्या, खचलेल्या बायकांना कित्येक आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवायचं, भरपूर दूधदुभतं खाऊ घालायचं, वाचन-लेखन बंद, हालचाल बंद. स्नायू सुकू नयेत म्हणून दुसऱ्या कुणी मालिश करायचं. आजचा कोणताही डॉक्टर सांगेल, की इतके दिवस निजून राहिल्यावर माणूस उठतो तो आधीपेक्षा जास्त अशक्त होऊन. पण तेव्हा तो अशक्तपणा बाईच्या नाजूकपणाच्या खात्यावर मांडला गेला.

मोजणारी बाई

क्लार्क यांना खरं उत्तर दिलं ते डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी. त्यांनी वाद घातला नाही, मोजमाप केलं. पाळीच्या दिवसांत बायकांना विश्रांतीची गरज असते का, या प्रश्नावर हार्वर्डने बॉयलस्टन पारितोषिकासाठी निबंध मागवले होते. जेकोबींनी बायकांना प्रश्नावली पाठवली आणि २६८ जणींची उत्तरं गोळा केली. काहींच्या नाडीचे आलेख घेतले, स्नायूंची ताकद तपासली. निष्कर्ष असा, की पाळीच्या स्वरूपात असं काहीही नाही, ज्यामुळे निरोगी बाईला सक्तीने विश्रांती घ्यावी लागावी. निबंध नाव न लावता पाठवायचा होता. १८७६ चं पारितोषिक त्यांना मिळालं. तेव्हा हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत बायकांना प्रवेश नव्हता.

इथे आपल्याकडचा एक धागा जुळतो. जेकोबी १८६४ मध्ये ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्याच फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या. एकाच शहरात एकीकडे बायकांना अंथरुणावर झोपवून ‘बरं’ केलं जात होतं आणि दुसरीकडे कल्याणची एक मुलगी जगाला वळसा घालून येऊन शरीरशास्त्र शिकत होती.

जेकोबींचा निबंध पाळीबद्दल होता, पाळी गेल्यानंतरच्या वयाबद्दल नव्हता. पण त्यांनी घालून दिलेली रीत महत्त्वाची आहे: बाईला काय झेपतं, हे बाईलाच विचारा आणि बाईवरच मोजा. ही साधी रीत पाळायला वैद्यकाला पुढची शंभर वर्षं लागली.

धावपट्टीवरचा गैरसमज

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी पहिल्यांदा ८०० मीटरची शर्यत ठेवली गेली. जर्मनीच्या लिना राडके यांनी ती २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली, तो विश्वविक्रम होता. जपानच्या किनुए हितोमी दुसऱ्या आल्या. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. संपल्यावर काही जणी धापा टाकत जमिनीवर टेकल्या. जीव तोडून धावलेले पुरुषही तसेच टेकतात. पण वर्तमानपत्रांत छापून आलं, की बायका कोसळल्या, काहींनी शर्यत अर्धवट सोडली, हे दृश्य बघवत नव्हतं. त्यानंतर बायकांची ८०० मीटरची शर्यत ऑलिम्पिकमधून बंद झाली. ती परत आली १९६० मध्ये, रोमला. मधली बत्तीस वर्षं बायकांना दोनशे मीटरहून लांब धावायला ऑलिम्पिकमध्ये जागा नव्हती.

१९६६ मध्ये बॉबी गिब यांनी बॉस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला. बायकांच्या शरीराला हे अंतर झेपत नाही, असं उत्तर आलं. त्या सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपांत लपून राहिल्या, शर्यत सुटल्यावर गर्दीत मिसळल्या आणि सुमारे ३ तास २१ मिनिटांत पोचल्या. त्यांच्या मागून येणाऱ्या पुरुषांची संख्या मोठी होती. पुढच्या वर्षी वीस वर्षांच्या कॅथरीन स्वित्झर यांनी नावाची आद्याक्षरं लावून अर्ज भरला आणि २६१ हा क्रमांक मिळवला. वाटेत एका अधिकाऱ्याने तो क्रमांक अंगावरून ओरबाडायचा प्रयत्न केला. त्या तरीही शेवटपर्यंत धावल्या. बॉस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हे तरुण मुलींचं झालं, आमचं काय? तर २०१७ मध्ये याच कॅथरीन स्वित्झर तोच २६१ क्रमांक लावून बॉस्टनला पुन्हा धावल्या. वय ७०. ४२ किलोमीटर त्यांनी पाच तासांच्या आत पूर्ण केले.

मॅरेथॉन धावा, असं मी सांगत नाहीये. मुद्दा असा, की आज ज्या बाईची पाळी गेली आहे, तिच्या आजीच्या आणि आईच्या काळात ‘बाईने धाप लागेपर्यंत काही करू नये’ हे जगभर अधिकृत मत होतं. आपल्या घरातले सल्ले त्याच हवेत तयार झालेले आहेत.

दमसास म्हणजे काय, हे कधी कळलं?

आपल्या भाषेत ‘दमसास’ हा फार छान शब्द आहे. गायकाचा दमसास, पोहणाऱ्याचा दमसास. एरोबिक व्यायामाने वाढतो तो हाच.

चालताना स्नायूंना प्राणवायू लागतो. वेग वाढवला की जास्त लागतो. फुप्फुसं तो रक्तात घेतात, हृदय ते रक्त ढकलतं, स्नायू तो वापरतात. वेग वाढवत नेला तर एक क्षण असा येतो, की प्राणवायूचा वापर आणखी वाढत नाही. ती तुमची कमाल मर्यादा. ही कल्पना ब्रिटनच्या ए. व्ही. हिल यांनी १९२३ च्या सुमारास मांडली. त्यासाठी ते स्वतः पाठीवर हवेची पिशवी बांधून धावले होते. स्वीडनच्या इर्मा ऑस्ट्रांड यांनी १९६० मध्ये स्त्री आणि पुरुष दोघांमध्ये ही मर्यादा वयानुसार कशी उतरते ते मोजून दाखवलं. बसून राहणाऱ्या माणसात तिशीनंतर दर दहा वर्षांनी ती साधारण एक दशांशाने कमी होते. हालचाल ठेवणाऱ्यांत ही घसरण हळू होते.

‘एरोबिक्स’ हा शब्द घराघरांत नेला तो अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांच्या १९६८ च्या पुस्तकाने. त्यांनी सांगितलं, की तब्येत म्हणजे दंडाचे गोळे नव्हेत, प्राणवायू वापरायची ताकद आहे. त्यांचे बरेचसे आकडे हवाई दलाच्या जवानांचे होते. बायकांसाठीचं पुस्तक त्यांनी आणि पत्नी मिल्ड्रेड यांनी १९७२ मध्ये काढलं.

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा गाजलेला अभ्यास त्याआधी, १९५३ मध्ये आला होता. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वरखाली. कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी आणि झालाच तर सौम्य. आजही आम्ही हा अभ्यास शिकवतो. फक्त एक गोष्ट सांगायची राहून जाते: तो संपूर्ण अभ्यास पुरुषांचा होता.

बाई मोजणीत कधी आली?

पुढची तीस-चाळीस वर्षं हेच चाललं. हृदयरोग म्हणजे पुरुषाचा रोग, असं डॉक्टरांच्या मनात पक्कं बसलं होतं. ॲस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध अभ्यासात २२,०७१ डॉक्टर होते, सगळे पुरुष. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांवरच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात १२,८६६ लोक होते, तेही सगळे पुरुष.

खरं तर पाळी जाण्याच्या काळात बाईच्या शरीरात हृदयाच्या दृष्टीने बरंच काही बदलतं. इस्ट्रोजेन उतरतं. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षभरात वाईट कोलेस्टेरॉल झपाट्याने वाढतं. चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. रक्तवाहिन्या ताठर होऊ लागतात. मणक्यांतलं हाड शेवटच्या पाळीच्या वर्षभर आधीपासून पुढे दोनेक वर्षं सर्वात वेगाने झिजतं. म्हणजे ज्या वयात बाईला ‘आता आराम कर’ म्हणतात, नेमकं त्याच वयात तिचं निसर्गदत्त संरक्षण उतरत असतं. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे आपल्या बायकांचा या संरक्षणाविना जगायचा काळ जास्त लांब आहे.

बदल सुरू झाला तो नर्सेसपासून. १९७६ मध्ये अमेरिकेत नर्सेसचा एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. त्यातल्या ४० ते ६५ वयाच्या ७२,४८८ जणींना आठ वर्षं पाहून १९९९ मध्ये निष्कर्ष आला, की आठवड्याला तीन तास किंवा अधिक भरभर चालणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: आधी बैठं आयुष्य असलेल्या पण मध्यम वयात किंवा त्यानंतर हालचाल सुरू केलेल्या बायकांचा धोकाही, बसून राहिलेल्यांपेक्षा कमी होता. उशीर झाला म्हणून काही हरवलं, असं नाही.

१९९१ मध्ये बर्नाडिन हिली या हृदयरोगतज्ज्ञ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. त्यांच्या पुढाकाराने पाळी गेलेल्या, ५० ते ७९ वयाच्या १,६१,८०८ बायकांचा प्रचंड अभ्यास उभा राहिला. त्यातल्या ७३,७४३ जणींचे आकडे २००२ मध्ये छापले गेले. भरभर चालणं आणि जोरदार व्यायाम, दोन्हींनी हृदयविकाराचा धोका साधारण सारखाच कमी दिसला. आणि जास्त तास बसून राहण्याने तो वाढलेला दिसला.

पण थांबा: निरोगी बाई चालते, की चालणारी बाई निरोगी राहते?

इथे चौकस वाचकाने हात वर करायला हवा. जिची तब्येत मुळात बरी आहे तीच चालायला जाते. जिला दमा आहे, गुडघे दुखतात, ती घरी बसते. मग फायदा चालण्याचा, की मुळातल्या तब्येतीचा?

ही शंका नुसती तात्त्विक नाही. याच प्रश्नावर वैद्यकाने मोठी ठेच खाल्ली आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत एका स्त्रीरोगतज्ज्ञाने पुस्तक लिहून सांगितलं, की पाळी जाणं हा कमतरतेचा आजार आहे आणि इस्ट्रोजेनच्या गोळीने बाई कायम तरुण राहील. पुढे अनेक निरीक्षणांत गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी दिसला. लाखो बायकांना गोळ्या दिल्या गेल्या. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून, एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला बिनऔषधाची, असं काटेकोर परीक्षण झालं. १६,६०८ बायकांचं ते परीक्षण २००२ च्या जुलैमध्ये ठरल्याआधी थांबवावं लागलं, कारण इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गटात स्तनांचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात वाढलेले दिसले. गोळ्या घेणाऱ्या बायका आधीपासूनच सुखवस्तू आणि निरोगी असण्याचा संभव जास्त होता. (हार्मोन उपचारांची जागा आजही आहे, विशेषतः साठीच्या आत आणि त्रास जास्त असेल तर. पण हृदय वाचवण्यासाठी म्हणून ते देत नाहीत.)

मग व्यायामाचंही तसंच परीक्षण नको का? ते झालं. डॅलसमधल्या कूपर यांच्याच संस्थेत ४६४ बायका निवडल्या. सगळ्यांची पाळी गेलेली, वय ४५ ते ७५, वजन जास्त, रक्तदाब थोडा वरचा आणि आयुष्य बैठं. म्हणजे अगदी आपल्या आसपासच्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले. एका गटाने व्यायाम करायचा नाही. बाकी तिघांनी मध्यम जोराने, आठवड्याला साधारण ७२, १३६ आणि १९२ मिनिटं. सहा महिने. निष्कर्ष २००७ मध्ये आला. व्यायाम न करणाऱ्या गटाच्या तुलनेत दमसास अनुक्रमे ४.२, ६ आणि ८.२ टक्क्यांनी वाढला. कोण निरोगी आणि कोण आजारी, हा प्रश्न इथे उरत नाही, कारण गट चिठ्ठीने पडले होते. व्यायाम जितका जास्त तितका फायदा जास्त. पण ७२ मिनिटांनीसुद्धा, म्हणजे जगभर सांगितल्या जाणाऱ्या दीडशे मिनिटांच्या निम्म्यानेही, शरीराने दाद दिली.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. या परीक्षणात रक्तदाबात फारसा फरक पडला नाही. वजनातही गटागटांत ठळक फरक दिसला नाही, पोटाचा घेर मात्र कमी झाला. म्हणून महिनाभर चालून काटा हलला नाही तर ‘उपयोग नाही’ म्हणून बूट कोपऱ्यात टाकू नका. आत जे वाढतंय ते वजनकाट्याला दिसत नाही.

पुरुषांच्या मापाची फूटपट्टी

दमसास वाढल्याने एवढं काय होतं? १९८९ मध्ये डॅलसहूनच आलेल्या अभ्यासात १०,२२४ पुरुष आणि ३,१२० बायकांना ट्रेडमिलवर चालवून त्यांचा दमसास मोजला होता. सर्वात कमी दमसास असलेल्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वात जास्त दमसास असलेल्यांच्या चौपटीहून अधिक होतं. आणि सर्वात मोठा फायदा तळाच्या पायरीवरून एकच पायरी वर येण्यात होता.

२००३ मध्ये शिकागो परिसरातल्या ५,७२१ निरोगी बायकांच्या अभ्यासातून डॉ. मार्था गुलाटी आणि सहकाऱ्यांनी हेच आणखी नेमकं दाखवलं. स्वस्थ बसलेलं असताना शरीराला जेवढा प्राणवायू लागतो त्याला एक मेट म्हणतात. कमाल क्षमता एका मेटने जास्त असली, की मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी कमी. पुढे त्यांनी बायकांच्या आकड्यांवरून बायकांसाठी सूत्र दिलं: १४.७ मधून वयाची ०.१३ पट वजा करा. पंचावन्नाव्या वर्षी अपेक्षित क्षमता येते साधारण साडेसात मेट. त्याआधी बायकांना पुरुषांच्या तक्त्यावर मोजलं जात होतं.

नाडीचंही तसंच. जिममध्ये भिंतीवर लिहिलेलं ‘२२० वजा वय’ हे सूत्र १९७१ चं आहे आणि मुख्यतः पुरुषांच्या आकड्यांवर बेतलेलं आहे. बायकांसाठी २०१० मध्ये याच गटाने दिलेलं सूत्र आहे: २०६ वजा वयाची ०.८८ पट. पंचावन्न वर्षांच्या बाईसाठी जुनं सूत्र १६५ ठोके सांगतं, नवं १५८ च्या आसपास. जुन्या आकड्यामागे धावून ‘माझं हृदयच कमजोर’ असं मानणाऱ्या बायका होत्या. कमजोर होती ती फूटपट्टी.

दहा हजार पावलांचंही असंच. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आकडा जाहिरातीतून आला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वयाच्या १६,७४१ बायकांच्या अभ्यासात दिसलं, की रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, मघाची शंका इथेही लागू आहे. पण दहा हजार झाले नाहीत म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

मग तुम्ही काय करायचं?

‘मी दिवसभर घरात राबतेच की,’ असं बहुतेक जणी म्हणतात. ते खरंच आहे. पण घरकाम थांबत थांबत होतं. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना हात दुखतात, पाठ दुखते, पण नाडी फारशी वर जात नाही. दमसास वाढायला नाडी वर जायला हवी. राबणं वेगळं आणि दमसास वाढवणं वेगळं.

सुरुवात आठवड्याला ७० मिनिटांपासून करा: तीन दिवस, प्रत्येकी पंचवीस मिनिटांच्या आत. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी पाच-पाच मिनिटं वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं लक्ष्य आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं. तिथे पोचायला सहा महिने लागले तरी चालतील. चालणं, सायकल, पोहणं, नाच, काहीही चालेल. रस्ता नीट नसेल तर गच्चीवर, पार्किंगमध्ये चाला.

चालण्याने हाडांचं पुरेसं भागत नाही. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम हवेत: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, थोडं वजन उचलणं. २०१८ च्या एका ऑस्ट्रेलियन परीक्षणात हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठ महिने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली आणि त्यांच्या मणक्यांची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. देखरेखीखाली हे शब्द विसरू नका.

गुडघेदुखी हे चालणं सोडण्याचं कारण नाही. झिजलेल्या गुडघ्यांवर व्यायाम हाच पहिला उपचार आहे, फक्त तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. भरभर चालताना किंवा शिंकताना लघवीचे थेंब जातात म्हणून कित्येक जणी गुपचूप फिरणं सोडतात. हे सांगायला लाजू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घेतले तर बहुतेकींना आराम पडतो. आणि एक अपेक्षा ठेवू नका: अंगातून वाफा येणं व्यायामाने थांबतं, याचा ठाम पुरावा परीक्षणांत मिळालेला नाही. त्यासाठी वेगळे उपचार आहेत.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल, किंवा घरात लहान वयात हृदयविकार झालेला असेल तर सुरुवातीला डॉक्टरांना भेटा. चालताना छातीत दाब येणं, जबडा, खांदा किंवा पाठ दुखणं, चक्कर, किंवा रोजच्याच अंतराला अचानक वेगळीच धाप लागणं: यातलं काही झालं तर थांबा आणि त्याच दिवशी दाखवा. बायकांमध्ये हृदयविकार छातीत जोराची कळ न येताही येऊ शकतो. ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढू नका.

बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून अनवाणी धावून पहिल्या आलेल्या लता भगवान करे तुम्हाला आठवत असतील. पतीच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून त्या धावल्या. त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या वाजवताना आपण त्यांना चमत्कार मानलं. साठीपलीकडच्या बाईचं हृदय आणि पाय असं काम करू शकतात, हा चमत्कार नाही, हे शरीरशास्त्र आहे. चमत्कार मानला की आपण आपल्या आईला, बायकोला आणि स्वतःला पुन्हा खुर्चीवर बसवायला मोकळे होतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी मायेने म्हणालं, ‘आता दमायचं नाही हं,’ तर त्यांनाही बरोबर घ्या आणि चालायला निघा. थोडं दमायचंच आहे. आठवड्यातून तीनदा, बेताने, दम खात.